भाजीच्या वाफ्यांतील मांजरांची घाण : कारणे व उपाय

वसई, आगाशी, निर्मळ, नंदाखाल, भुईगाव या पट्ट्यात घर आणि वाडी ही एकमेकांना लागूनच असतात. मागील अंगण संपते तेथे माठ, मेथी, पालक, कोथिंबीर यांचे वाफे सुरू होतात आणि त्यांच्या पलीकडे केळी, नारळ व फुलझाडे असतात. समुद्र जवळ असल्याने घरोघरी मासळी येते, अर्णाळा व नायगावकडे ती वाळतही घातली जाते. आणि मासळीमागे मांजर आलेच. उंदरांवर वचक ठेवणारे म्हणून वाडीत मांजर हवेच असते. परंतु हेच मांजर नुकत्याच पेरलेल्या वाफ्यात घाण करू लागले, म्हणजे बी उकरले जाते, रोपे लोळतात आणि त्याहून गंभीर म्हणजे आरोग्यास धोका उत्पन्न होतो.

नुकसान कोणाचे, हे प्रथम ओळखावे

सकाळी वाफा उकरलेला दिसला की दोष बहुधा घुशीवर जातो. घूस खोल बीळ करते, बिळाच्या तोंडाशी मातीचा ढीग टाकते आणि रोपांच्या मुळ्या कुरतडते. मांजराचा खड्डा दोन-तीन बोटे इतकाच खोल असतो. त्यावर माती ओढून लहानशी उंचवटी केलेली असते आणि उपटलेली रोपे न खाता बाजूला पडलेली असतात. हा भेद न ओळखता उंदीरनाशक विष ठेवले, तर घूस तशीच राहते आणि विषाने मेलेला उंदीर खाऊन मांजर मात्र दगावण्याचा संभव असतो.

मांजर वाफाच का निवडते?

विष्ठा मातीखाली झाकणे हा मांजराचा उपजत स्वभाव होय. त्याला भुसभुशीत, कोरडी व पायाने सहज उकरता येणारी जमीन लागते. आपल्याकडील रेताड जमिनीतील ताजा वाफा त्याला नेमका तसाच सापडतो. एकदा तेथे वास राहिला की ते पुनःपुन्हा त्याच जागी येते. म्हणून केवळ हाकलून भागत नाही. वाफा त्याला गैरसोयीचा आणि दुसरी जागा सोयीची करून द्यावी लागते.

घाणीपासून होणारे रोग

मांजराच्या विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या सूक्ष्म परजीवीचे कोष जमिनीत पडू शकतात. या परजीवीचा शोध १९०८ साली लागला असला, तरी त्याच्या प्रसारातील मांजराचा वाटा १९७० च्या सुमारास हचिसन, फ्रेंकेल व भारतात जन्मलेले दुबे आदी शास्त्रज्ञांच्या संशोधनाने स्पष्ट झाला. गरोदर स्त्रीला हा संसर्ग प्रथमच झाल्यास गर्भपात होण्याचा किंवा बालकाच्या डोळ्यांस व मेंदूस इजा होण्याचा धोका असतो. शेळ्या-मेंढ्याही यामुळे गाभडतात.

प्रत्येक मांजर सदैव हे कोष टाकीत नाही. बहुधा पहिल्या संसर्गानंतर एक ते तीन आठवडेच ते बाहेर पडतात. ताज्या विष्ठेतील कोष संसर्गक्षम नसतात. त्यांना पक्व होण्यास एक ते पाच दिवस लागतात. मात्र पक्व झाल्यावर ओलसर व सावलीच्या मातीत ते वर्षभराहूनही अधिक काळ टिकू शकतात. यावरून एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी : घाण दररोज, चोवीस तासांच्या आत उचलली पाहिजे.

याशिवाय मांजराच्या अंकुशकृमींच्या अळ्या ओलसर रेतीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात आणि तेथे खाज सुटून नागमोडी वळ उठतात.

वाफ्याचे रक्षण

१. पेरणीनंतर उगवण होईपर्यंत वाफ्यावर नारळाच्या झावळ्या पसराव्यात. अंकुर दिसताच त्या काढाव्यात.

२. त्यानंतर चारी बाजूंस बांबूच्या खुंट्या ठोकून मासेमारीचे जुने जाळे जमिनीपासून एक वीत उंचीवर ताणून बांधावे. जाळे सैल राहिल्यास पक्षी व साप अडकतात.

३. लागवडीच्या भाज्यांत रोपांच्या मधील मोकळ्या जागी नारळाची सोडणे किंवा बोरीच्या काटक्या मांडाव्यात.

४. संध्याकाळी हलके पाणी शिंपून वरची माती ओलसर ठेवावी. अती पाणी देऊ नये. कोवळी रोपे कुजतात.

५. मासळीची खवले व आतडी उघड्यावर टाकू नयेत.

मांजरासाठी वेगळी जागा

वाडीच्या कडेला, विहिरीपासून दूर व आडोशाला तीन फूट लांब-रुंद आणि एक वीत खोल खड्डा करून त्यात बारीक कोरडी रेती भरावी. पावसाळ्यासाठी वर पत्रा टाकावा. वाफ्यातून उचललेली थोडी विष्ठा आरंभी तेथे ठेवावी, म्हणजे मांजर जागा ओळखते. रोज खुरप्याने घाण काढून ती वाफ्यांपासून व विहिरीपासून लांब, दीड-दोन फूट खोल पुरावी. भाजीच्या खतासाठी केलेल्या ढिगात ती कदापि टाकू नये. हे काम गरोदर स्त्रीने करू नये. इतरांनी हातमोजे वापरून नंतर साबणाने हात धुवावेत. खुरप्यावर उकळते पाणी ओतावे.

काय करू नये

फिनेल, रॉकेल किंवा डांबराच्या गोळ्या वाफ्यात टाकू नयेत. त्यांनी माती व भाजी दोन्ही बिघडतात. मासळीत विष घालणे तर लहान मुलांच्याही जिवावर बेतेल. शिवाय प्राण्यांवरील क्रूरतेस १९६० च्या कायद्याने बंदी आहे. मांजर पोत्यात घालून दूर सोडल्याने अन्न व आसरा असलेल्या मोकळ्या जागी दुसरे येते. त्यापेक्षा पशुवैद्याकडून मांजरांची नसबंदी करून घ्यावी. मांजरीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असल्याने ती वर्षातून दोन-तीनदा विते, हे लक्षात घेता या एका उपायाचे मोल कळेल.

कार्यकर्त्यांस सूचना

खुरपणी व भाजीची जुडी बांधणे ही कामे बहुतांशी स्त्रियाच करतात. म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती घरातील स्त्रियांपर्यंत अवश्य पोहोचवावी. गरोदर स्त्रीने शक्यतो मातीकाम टाळावे. करावेच लागल्यास हातमोजे व पादत्राणे वापरावीत आणि शंका असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. कोथिंबीर, पुदिना यांसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्या वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवाव्यात. शेळीपालकांनी पेंढा व खुराक मांजराच्या आवाक्याबाहेर झाकून ठेवावा.

मांजराला वाडीतून घालविण्याची गरज नाही. त्याला त्याची जागा नेमून दिली आणि ती रोज साफ ठेवली, म्हणजे वाफा, घरातील माणसे व वाडीचा हा राखणदार, सर्वांचेच हित साधते.