दूध लँकेशायरचं, कोको घानाचा

कपात दोन चमचे कोको आणि साखर घ्यायची, थोड्या दुधात गुठळी मोडेपर्यंत घोटायची आणि मग उकळतं दूध वरून धार धरून ओतायचं. थंडीत मुलांना एवढं पुरतं. या कपात जिन्नस तीनच: दूध, कोको, साखर. पण ते कुठून आले, कोणी पिकवले आणि पिकवणाऱ्याच्या हातात काय पडलं, हे विचारत गेलं की एका लहानशा कपात तीन खंड मावलेले दिसतात. इंग्लंडमधल्या एका लहान गावाने हे प्रश्न गाव म्हणून विचारले. त्यातून जे उभं राहिलं त्याची गोष्ट मी कितीदा तरी वाचली आहे, आणि दर वेळी तितकाच थक्क होतो.

गावाचं नाव गार्स्टांग. उत्तर-पश्चिम इंग्लंडमध्ये, लँकेशायरमध्ये, वायर नदीच्या काठी वसलेलं. वस्ती चार-पाच हजारांची, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या बाजारगावाएवढी. दर गुरुवारी आठवडा बाजार भरतो. भोवताली हिरवी कुरणं, गाई आणि गोठे. या गावात ब्रूस क्राउदर नावाचे पशुवैद्य राहत. ऑक्सफॅम या संस्थेचं काम करणारा एक छोटा गट त्यांनी 1992 मध्ये गावात सुरू केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं: चर्चमध्ये, शाळेत, दुकानांत जो चहा, कॉफी आणि चॉकलेट येतं, ते पिकवणाऱ्याला रास्त मोबदला देऊन आणलेलं असावं. कित्येक वर्षं लोकांनी ऐकून घेतलं आणि आपापल्या कामाला लागले. घाना, निकाराग्वा ही नावं फार लांबची होती.

त्याच काळात गावाच्या वेशीवरचा शेतकरीही अडचणीत होता. ब्रिटनमध्ये दुधाची सरकारी खरेदी-व्यवस्था 1994 मध्ये मोडीत निघाली. पुढची दोनेक वर्षं शेतकऱ्याला लिटरमागे साधारण 25 पेन्स मिळत होते, ते 2000 सालापर्यंत 17 च्या आसपास आले. तेवढ्यात चारा आणि मजुरीही निघेना. रस्त्यावर ओतलेलं दूध पाहिलेल्या मराठी वाचकाला यातलं काही समजावून सांगायला नको.

मग 2000 च्या वसंतात क्राउदर आणि त्यांच्या गटाने गावाला जेवायला बोलावलं. गावचे पुढारी, धर्मगुरू, शाळेचे प्रमुख, दुकानदार असे सगळे पंगतीला होते. ताटात दोन प्रकारचे पदार्थ होते: दूर देशांतून रास्त व्यापाराने आलेले आणि गार्स्टांगच्या आसपास पिकलेले. मला या गोष्टीतली खरी प्रतिभा इथे दिसते. वर्षानुवर्षं जे भाषणांनी झालं नव्हतं ते या ताटाने केलं. कोको पिकवणारा आणि गाय दुहणारा एकाच प्रश्नात अडकले आहेत, हे समोर दिसत होतं: माल तयार करायला जेवढा खर्च येतो तेवढाही भाव मिळत नाही, आणि भाव ठरवणाऱ्याचा चेहरा कधी दिसत नाही. जेवण झाल्यावर एकेकाने आपापल्या दुकानात, शाळेत, चर्चमध्ये हा माल वापरायचा शब्द दिला. त्यानंतर 27 एप्रिल 2000 रोजी, आपल्याकडच्या ग्रामसभेसारख्या जाहीर सभेत, लोकांनी जवळजवळ एकमुखाने ठरवलं की गार्स्टांग हे जगातलं पहिलं ‘फेअरट्रेड टाउन’, म्हणजे रास्त व्यापाराचं गाव.

तोवर असा दर्जा देणारं कोणी नव्हतं आणि त्याचे नियमही नव्हते. गावाने आधी नाव घेतलं, आणि ब्रिटनच्या फेअरट्रेड फाउंडेशनने 2001 मध्ये गार्स्टांगकडे पाहूनच निकष बांधले. नगर परिषदेचा ठराव हवा, लोकसंख्येच्या प्रमाणात इतक्या दुकानांत आणि उपाहारगृहांत माल मिळायला हवा, शाळा आणि कचेऱ्या सामील हव्यात, गावात बातमी पोचायला हवी आणि हे चालू ठेवणारी एक समिती हवी.

पण रास्त व्यापार म्हणजे नेमकं काय? आपल्या भाषेत यासाठी शब्द तयार आहे, हमीभाव. बाजार कितीही पडला तरी याखाली जायचं नाही, अशी एक रेघ आखलेली असते. बाजारभाव रेघेच्या वर गेला तर शेतकऱ्याला वरचा भाव मिळतो. त्याशिवाय टनामागे ठरावीक जादा रक्कम मिळते. ती कोणा एकाच्या खिशात जात नाही, शेतकऱ्यांच्या संघाकडे जमा होते. तिचं काय करायचं, विहीर खोदायची की शाळेचं छप्पर बदलायचं, हे सभासद बसून ठरवतात. आपल्या हमीभावामागे सरकार असतं. इथे सरकार कुठेच नाही, फक्त गिऱ्हाईक आहे.

ही रेघ किती कामाची, ते गार्स्टांगच्या त्याच वर्षी दिसलं. कोकोचा जागतिक भाव 2000 साली कोसळून टनाला 1000 डॉलरच्याही खाली गेला. फेअरट्रेडचा किमान भाव तेव्हा 1600 डॉलर होता, वर 150 डॉलर जादा रक्कम. म्हणजे गार्स्टांगच्या सभेत ठराव होत होता तेव्हा फेअरट्रेडचा शिक्का असलेला माल विकणाऱ्याला उघड्या बाजाराच्या दीडपटीहून जास्त मिळत होतं.

लँकेशायरच्या दुधाला मात्र हा शिक्का मिळत नाही. तो मुख्यतः गरीब देशांतल्या लहान शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मालासाठी आहे. म्हणूनच गार्स्टांगने तो माल आणि गावचा माल एका ताटात वाढला, याचं मला मोल वाटतं. नियमांत नसलेली गोष्ट गावाने शहाणपणाने स्वतः जोडली.

या शिक्क्याचा जन्मही ऐकण्यासारखा आहे. पहिला शिक्का निघाला 1988 मध्ये नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर, आणि त्याचं नाव होतं माक्स हावेलार. हे एका कादंबरीतल्या पात्राचं नाव! मुल्तातुली या टोपणनावाने एका माजी डच अधिकाऱ्याने 1860 मध्ये ती कादंबरी लिहिली, जावा बेटावरच्या शेतकऱ्यांची डच अमलात कशी पिळवणूक होते ते मांडण्यासाठी. आपल्याकडे त्यानंतर तेवीस वर्षांनी महात्मा फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. कादंबरीतला माणूस सव्वाशे वर्षांनी कॉफीच्या पुड्यावर येऊन उभा राहतो, याहून मोठं भाग्य कोणत्या पुस्तकाला लाभावं?

आता कपातल्या कोकोकडे वळू. घानात कोको आणल्याचं श्रेय टेटे क्वार्शी या लोहाराला देतात. त्याने 1879 मध्ये फर्नांडो पो बेटावरून बिया आणल्या, आणि तीसेक वर्षांत हा प्रदेश जगातला सगळ्यात मोठा कोको-निर्यातदार झाला. कोकोचं फळ फणसासारखं थेट खोडाला लागतं. पिकल्यावर ते पिवळं-नारिंगी होतं, अंगावर उभ्या शिरा असतात. कोयत्याने फोडलं की आत तीस-चाळीस बिया दिसतात, सीताफळासारख्या पांढऱ्या गरात लपेटलेल्या. गर आंबटगोड असतो. बी चावून पाहिली तर कडू आणि तुरट, चॉकलेटचा मागमूस नाही.

चॉकलेटचा वास शेतातच जन्माला येतो, कारखान्यात नंतर तो भाजून फुलवतात. शेतकरी गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांवर रचतो आणि पानांनीच झाकून टाकतो. पाच-सहा दिवस ढीग आंबतो. मधून मधून तो उलथावा लागतो. आधी गरातल्या साखरेचा अल्कोहोल होतो, मग त्याचं आम्ल. आतली उष्णता पन्नास अंशांजवळ जाते, वाफ येते, हात घातला तर चटका बसतो. या उष्णतेत आणि आम्लात बीचा अंकुर मरतो आणि आतले घटक मोडून नवे तयार होतात. हेच घटक पुढे भाजल्यावर चॉकलेट होऊन दरवळतात. मग बिया बांबूच्या चटयांवर पसरून उन्हात आठवडाभर वाळवायच्या, हाताने खालीवर करायच्या, सडकी बी वेचून टाकायची, पावसाचा थेंब दिसला की धावत जाऊन गुंडाळायच्या. मग पोतं भरतं, घानात साडेबासष्ट किलोचं. सोळा पोत्यांचा टन.

एवढं सगळं करून पोतं काट्यावर चढतं, आणि तिथे काटा मारला जातो. पूर्वी कोकोची खरेदी सरकारी मंडळाकडेच होती आणि खरेदीदार वजनात लुबाडतात ही शेतकऱ्यांची जुनी तक्रार. खासगी खरेदीला वाव मिळाल्यावर 1993 मध्ये शेतकऱ्यांनी आपली स्वतःची संस्था काढली, कुआपा कोकू. ट्वी भाषेत अर्थ ‘चांगला कोको-शेतकरी’. इथे गावचे सभासद आपल्यातूनच मापाडी निवडतात, आणि माल सगळ्यांदेखत मोजला जातो. शेतकरी भराभर सभासद झाले ते आधी या काट्यासाठी. रास्त व्यापाराबद्दल कितीही मोठे शब्द वापरले, तरी त्याचा पाया हा आहे: आपल्याच माणसाच्या हातातला खरा काटा.

याच संस्थेने 1998 मध्ये ब्रिटनमध्ये चॉकलेटच्या कंपनीत भागीदारी घेतली. डिव्हाइन हे तिच्या चॉकलेटचं नाव. एका भागधारक कंपनीने 2006 मध्ये आपले शेअर शेतकऱ्यांना देऊन टाकले आणि त्यांचा हिस्सा 45 टक्क्यांवर गेला. कोको पिकवणारा चॉकलेटचा मालक! पुढे 2020 मध्ये कंपनीची बहुतेक मालकी एका जर्मन चॉकलेट उद्योगाकडे गेली, हे मला मनापासून बोचतं. शिक्का म्हणजे जादूची कांडी नव्हे, हेही सांगायला हवं. शिक्का असलेल्या संघांचाही बराच माल साध्या बाजारातच जातो, कारण तेवढं गिऱ्हाईक मिळत नाही. दोन-चार एकरांवर राबणाऱ्या कुटुंबाचं पोट आजही जेमतेमच भरतं. उणीव शेताकडे नाही, गिऱ्हाइकाकडे आहे. म्हणून तर एकेकटं गिऱ्हाईक न राहता सगळं गाव मिळून गिऱ्हाईक होण्याची गार्स्टांगची कल्पना मला इतकी मोलाची वाटते.

ती पसरलीही केवढी! अमेरिकेतलं पहिलं रास्त व्यापाराचं गाव 2006 मध्ये झालं, पेनसिल्व्हेनियातलं मीडिया. अख्ख्या वेल्सने 2008 मध्ये हा दर्जा घेतला. जपानचं कुमामोतो 2011 मध्ये आशियातलं पहिलं शहर ठरलं. आज तीसहून अधिक देशांत अशी दोन हजारांवर गावं आणि शहरं आहेत.

गार्स्टांगच्या उत्तरेला, दहा-बारा मैलांवर, लँकेस्टर आहे. अठराव्या शतकात माणसं विकण्याच्या व्यापारात हे ब्रिटनचं चौथ्या क्रमांकाचं बंदर होतं. तिथून जहाजं पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्याला जात, माणसं कोंबून अटलांटिकपलीकडे नेऊन विकत आणि साखर भरून घरी परतत. ब्रिटन, आफ्रिका, अमेरिका असा तो त्रिकोण होता. बंदराच्या धक्क्यावर 2005 मध्ये त्या माणसांचं स्मारक उभं राहिलं. त्याच परिसरातल्या गार्स्टांगने घानातल्या न्यू कोफोरिदुआ या कोको पिकवणाऱ्या गावाशी भगिनीगावाचं नातं जोडलं. मग पेनसिल्व्हेनियातलं मीडिया त्यात आलं. नकाशावर या तीन गावांमध्ये रेघा ओढल्या तर टोकं तीच येतात: ब्रिटन, आफ्रिका, अमेरिका.