खताची बॅग, उधारी आणि पक्के बिल

किरकोळ दुकानांत ग्राहकाला मिळणाऱ्या वागणुकीची चर्चा बहुधा शहरातील मॉल, कापडाची दालने आणि मोबाइलची दुकाने यांच्यापुरतीच होते. परंतु विक्रेत्याच्या एका शब्दावर एखाद्या कुटुंबाचे वर्षभराचे उत्पन्न ठरावे असे दुकान ग्रामीण महाराष्ट्रात आहे आणि ते म्हणजे कृषी सेवा केंद्र. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांना एकत्रितपणे कृषी निविष्ठा म्हणतात आणि त्यांची परवानाधारक किरकोळ विक्री प्रामुख्याने याच दुकानांतून होते. परभणी–मनमाड रेल्वेमार्गावरील पेडगाव आणि भोवतालच्या काळ्या जमिनीच्या गावांत खरिपाला सोयाबीन, कापूस, तूर आणि रब्बीला ज्वारी, हरभरा अशी पिके घेतली जातात. पावसानंतर चिखल ओसरून पेरणीजोगी ओल उरली, म्हणजेच जमिनीला वापसा आला, की परिसरातील सगळ्यांनाच त्याच चार-आठ दिवसांत बियाणे आणि खत हवे असते. शहरातील ग्राहक विक्रेत्याचे बोलणे न पटल्यास पुढच्या दुकानात जाऊ शकतो किंवा खरेदी लांबणीवर टाकू शकतो. शेतकऱ्याला ही मोकळीक नसते, कारण वापसा कोणासाठी थांबत नाही.

या अडचणीतूनच सर्वाधिक तक्रारींचा प्रकार जन्माला येतो आणि त्याला गावागावांत ‘लिंकिंग’ याच नावाने ओळखतात. मागणी असलेले खत हवे असेल तर त्यासोबत न मागितलेली दुसरी वस्तूही घ्यावी लागेल, अशी अट घालणे म्हणजे लिंकिंग. युरियाच्या 45 किलोच्या बॅगेची किंमत सरकारने सुमारे 266 रुपये 50 पैसे अशी बांधून दिलेली आहे आणि खरा उत्पादनखर्च व ही किंमत यांतील फरक केंद्र सरकार अनुदानातून भरून काढते. त्यामुळे युरिया विकून विक्रेत्याच्या हाती फारसे काही पडत नाही, तर विद्राव्य खते, सूक्ष्म अन्नद्रव्ये आणि पिकाचे ‘टॉनिक’ म्हणून विकली जाणारी द्रावणे यांवर नफ्याचे प्रमाण बरेच अधिक असते. मात्र हा दबाव नेहमी दुकानातच निर्माण होतो असे मानणे अन्यायाचे ठरेल, कारण पुरवठादाराकडून घाऊक व्यापाऱ्याकडे आणि तेथून किरकोळ विक्रेत्याकडे माल येताना वरच्याने खालच्याच्या गळ्यात नको असलेला माल मारण्याची साखळीच तयार झालेली असते आणि विक्रेत्यांच्या संघटनांनीही त्याविरुद्ध वेळोवेळी आवाज उठवलेला आहे. तरीही साखळीच्या शेवटच्या टोकाला असलेल्या शेतकऱ्याला तो बोजा आणखी पुढे ढकलता येत नाही, म्हणून संपूर्ण साखळीचा भार अखेरीस त्याच्याच खिशावर येऊन पडतो.

दुसरी तक्रार सल्ल्याची आहे. रोग ओळखणारा वैद्य आणि औषध विकणारा दुकानदार एकच असावा, तशी कृषी सेवा केंद्राची स्थिती असते. कपाशीवर किडीचा प्रादुर्भाव दिसला की शेतकरी अळी लागलेले पान किंवा पोखरलेले बोंड घेऊन दुकानात येतो आणि तेथील माणूस जी बाटली पुढे करील तिचीच फवारणी करतो. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ 1972 सालापासून परभणीतच आहे आणि त्याच्या शिफारशी पीकनिहाय प्रसिद्ध होतात, तरीही ऐन हंगामात हाताशी असतो तो दुकानदारच. जे विकून अधिक लाभ होतो तेच सुचवण्याचा मोह येथे स्वाभाविक असला, तरी त्याचे परिणाम खर्चापुरते मर्यादित राहत नाहीत. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा कोणते विष, कोणत्या मिश्रणात आणि किती काळजीने वापरावे हे सांगण्याची जबाबदारी किती मोठी आहे, हे साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कीटकनाशकाच्या वेष्टनावरील रंगीत त्रिकोण विषारीपणाची पातळी दाखवतो; लाल सर्वांत तीव्र, त्यानंतर पिवळा, निळा आणि हिरवा असा तो क्रम असून एवढी माहिती देणे हा विक्रीचाच भाग मानला गेला पाहिजे. विक्रेत्यांना शेतीचे शास्त्रीय ज्ञान मिळावे म्हणून हैदराबादच्या ‘मॅनेज’ या राष्ट्रीय संस्थेने 2003 साली ‘देसी’ ही एक वर्षाची पदविका सुरू केली, ती याच गरजेपोटी.

शेतकरी हे सारे निमूटपणे का सोसतो, याचे उत्तर उधारीत सापडते. पेरणीच्या तोंडावर हातात रोकड नसते आणि पीककर्ज वेळेवर मिळेलच याची खात्री नसते, म्हणून सोयाबीन किंवा कापूस विकल्यावर पैसे देण्याच्या बोलीवर माल उचलला जातो. या सोयीमुळे अनेकांची पेरणी साधते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु ज्याचे नाव दुकानाच्या वहीत आहे, त्याला भाव विचारता येत नाही, वाण नाकारता येत नाही आणि बिल मागणे तर अविश्वास दाखवल्यासारखे वाटते. मग कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहिला जातो आणि पीक फसल्यावर ते बियाणे कोठून व केव्हा घेतले, याचा पुरावा उरत नाही.

वास्तविक कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. 1985 च्या खत नियंत्रण आदेशानुसार विक्रेत्याने खतांचा साठा व दर दुकानात ठळकपणे लावणे आणि विक्री रोखीची असो वा उधारीची, विहित नमुन्यातील पावती देणे बंधनकारक आहे. म्हणजे उधारीमुळे बिलाचा हक्क बुडत नाही. बिंदुमाधव जोशी यांनी 1974 साली पुण्यात सुरू केलेल्या ग्राहक पंचायतीने महाराष्ट्रात ग्राहकाच्या हक्कांची जी जाणीव रुजवली, तिला पुढे 1986 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचे बळ मिळाले आणि त्याची जागा घेणारा 2019 चा कायदा जुलै 2020 पासून लागू झाला. एक वस्तू घेण्यासाठी दुसरी घेण्याची अट घालणे ही या कायद्यानुसार प्रतिबंधक व्यापारी प्रथा ठरते, तर बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. शेतकरी व्यवसायासाठी बियाणे घेतो, म्हणून तो ग्राहक नाही, हा बियाणे उद्योगाचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली राष्ट्रीय बियाणे महामंडळाच्या खटल्यात फेटाळला. सगळे बियाणे पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याने तपासणीसाठी नमुना राखून ठेवावा, अशी अपेक्षा करता येणार नाही, हेही न्यायालयाने मान्य केले.

मराठवाड्याला या निर्णयाचे मोल विशेष आहे. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही अशा तक्रारी मोठ्या संख्येने आल्या, दुबार पेरणीचा खर्च अनेकांच्या माथी बसला आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी कृषी विभागाकडे तातडीने लेखी तक्रार करून तालुकास्तरीय समितीकडून शेताची पाहणी व पंचनामा करून घेणे हा पहिला टप्पा होय. बिल, पिशवी आणि तिच्यावरील लेबल जपून ठेवले असेल तर तक्रारीला आधार मिळतो. नुकसानभरपाईसाठी जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते, शेतकरी जेथे राहतो त्याच जिल्ह्यात ती मागता येते, मालाची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असल्यास शुल्क पडत नाही आणि वकील देण्याचीही सक्ती नाही. प्राथमिक मार्गदर्शनासाठी 1915 हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

तथापि एकट्या शेतकऱ्याने, तोही उधारीखाली असताना, विक्रेत्यासमोर उभे राहून हक्क मागावा, ही अपेक्षा पुरेशी नाही. शेतकरी गटांनी किंवा शेतकरी उत्पादक कंपन्यांनी हंगामापूर्वीच मागणी एकत्र करून खरेदी केली तर घाईचा आणि एकाकीपणाचा गैरफायदा घेण्यास वाव कमी राहतो; पीककर्ज मे महिन्यातच हाती पडले तर दुकानाच्या वहीची पकड सैल होते; आणि गुणनियंत्रण निरीक्षकांनी दुकानातील साठ्याइतकीच उधारीच्या पावत्यांचीही तपासणी केली तर प्रामाणिक विक्रेत्यावर वरून येणारा लिंकिंगचा दबावही कागदावर दिसू लागतो. दुकानातील सौजन्य हवेच, परंतु ते विक्रेत्याच्या स्वभावावर सोडून चालणार नाही. पेडगावच्या शेतकऱ्याला उधारीच्या प्रत्येक बॅगेसोबत न मागता पक्के बिल मिळू लागेल, तेव्हाच तो याचक न राहता ग्राहक म्हणून व्यवहार करू शकेल.