पहिला उपचार पाण्याचा

घर म्हटले की दुखणेखुपणे आलेच. आज धाकट्याला पडसे झालेले असते, उद्या आजीचा गुडघा धरतो, परवा कोणाचे तरी बोट विळीवर कापते. अशा वेळी घरात जी धांदल उडते तिच्यात मायेचा भाग मोठा असतो. ज्ञानाचा मात्र नेहमीच तितका असतो असे नाही. कोणी हळदीचा डबा उघडतो, कोणी फडताळातील जुन्या गोळ्या शोधू लागतो, आणि शेजारीपाजारी येऊन आणखी चार उपाय सुचवतात. या गडबडीत जिची सर्वांत आधी गरज असते, ती वस्तू मात्र माठात तशीच राहून जाते. ती वस्तू म्हणजे साधे, स्वच्छ पाणी.

खेळताना पडून गुडघा खरचटला, असे समजा. रक्त दिसू लागते न लागते तोच शरीराने आपले काम सुरू केलेले असते. रक्तातील अतिसूक्ष्म रक्तपट्टिका जखमेच्या तोंडाशी गोळा होतात, बारीक तंतूंचे जाळे विणले जाते, आणि त्यात रक्त थिजून खपली धरते. हे काम शरीराला कोणी शिकवावे लागत नाही. जखमेत शिरलेली माती आणि खडे मात्र त्याला सहजासहजी बाहेर टाकता येत नाहीत. ते काम आपले. जखम वाहत्या पाण्याने चांगली धुवावी, रक्त थांबत नसेल तर स्वच्छ फडक्याने ती घट्ट दाबून धरावी, आणि जखम खोल किंवा मातीने भरलेली असेल तर धनुर्वाताच्या लशीविषयी डॉक्टरांना विचारावे. कारण त्या रोगाचे जंतू मातीतच असतात.

भाजल्यावर पाण्याची निकड याहूनही अधिक असते. उकळता चहा हातावर सांडला आणि आपण कप दूर केला, म्हणजे भाजणे थांबले असे आपल्याला वाटते. तसे नसते. कातडीत शिरलेली उष्णता तेथेच कोंडून राहते आणि खालचे थर भाजत जातात. ती उष्णता काढून घेण्याचे काम थंड पाणी करते. म्हणून भाजलेला भाग नळाच्या वाहत्या पाण्याखाली सुमारे २० मिनिटे धरावा. वीस मिनिटे हा वेळ बराच मोठा आहे. पाचव्या मिनिटालाच पुष्कळांचा धीर सुटतो. सूज येण्यापूर्वी बांगड्या, अंगठ्या काढून घ्याव्या. बर्फ चोळू नये, त्याने कातडीला दुसरीच इजा होते. कोणी टूथपेस्ट लावतो, कोणी तूप लावतो. या लेपांखाली उष्णता कोंडते आणि पुढे डॉक्टरांना जखम तपासणेही अवघड जाते. फोड आले तर ते फोडू नयेत. चेहरा भाजला असेल किंवा भाजलेला भाग तळहाताहून मोठा असेल, तर रुग्णालय गाठणेच योग्य.

कुत्रा चावल्यावर पाण्याने धुण्याला जे महत्त्व आहे, ते पुष्कळ मोठ्या माणसांनाही ठाऊक नसते. पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीज या रोगाचे विषाणू असतात. ते जखमेतून शिरतात आणि मज्जातंतूंच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे सरकतात. या विषाणूंवर स्निग्ध द्रव्याचे आवरण असते, आणि साबणाने ते विरघळते. म्हणून चावा बसताच जखम साबण व वाहते पाणी यांनी १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस टोचून घेण्यास जावे. जखमेवर तिखट, चुना असले काही भरू नये.

ही लस प्रथम माणसाला टोचली गेली ती १८८५ साली. जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला पिसाळलेला कुत्रा चावला, तेव्हा त्याची आई त्याला घेऊन पॅरिसला लुई पाश्चर यांच्याकडे आली. पाश्चर हे रसायनशास्त्रज्ञ होते, वैद्य नव्हते. म्हणून त्यांनी तयार केलेली लस दुसऱ्या डॉक्टरांच्या हातून मुलाला टोचण्यात आली. मुलगा वाचला. विषाणू मेंदूपर्यंत पोहोचण्यास वेळ लागतो, त्या अवधीत लस शरीराला सज्ज करते, हे तिच्या यशाचे रहस्य होय. मात्र रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी जवळजवळ कधीच वाचत नाही. तहान लागलेली असूनही पाण्याचा घोट घेताना त्याच्या घशाला आचके येतात. असे असूनही कितीतरी मुले रागे भरतील या भीतीने किंवा सुईच्या धाकाने कुत्रा चावल्याचे घरी सांगतच नाहीत! पूर्वी या रोगासाठी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, ती गोष्ट आता राहिलेली नाही. हल्लीची लस दंडाला टोचतात आणि मात्राही थोड्या असतात. पण त्या सर्व पुऱ्या कराव्या लागतात.

पाणी सर्वत्रच उपयोगी पडते असे मात्र नाही. घोळणा फुटला की मुलाला उताणे निजवून डोक्यावर पाणी ओतण्याची रीत घरोघर आढळते. उताणे निजल्याने रक्त घशात उतरते, एवढेच होते. मुलाला बसवून किंचित पुढे वाकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा मिनिटे दाबून ठेवावा आणि तोंडाने श्वास घेण्यास सांगावे. बहुधा तेवढ्याने रक्त थांबते.

आता तापाकडे वळू. आपल्या मेंदूत शरीराची उष्णता राखणारे एक केंद्र आहे. एरवी ते ती ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवते. रोगजंतू शिरले की हेच केंद्र आपली पातळी वर चढवते. म्हणून आधी हुडहुडी भरते आणि मग अंग तापते. ताप हा स्वतः रोग नव्हे. आत लढाई चालू असल्याची ती खूण आहे. त्या लढाईत घाम आणि जलद श्वास यांवाटे शरीरातील पाणी खर्ची पडते. तेव्हा रोग्याला चार घोंगड्यांखाली कोंडून ठेवण्यापेक्षा हलके कपडे घालावे, खिडकी उघडावी आणि पाणी, पेज, सरबत पुनःपुन्हा द्यावे. पावसाळ्यातील ताप हिवतापाचा आहे की डेंग्यूचा, हे कपाळाला हात लावून कळत नाही. त्यासाठी रक्तच तपासावे लागते. तोवर ॲस्पिरिनसारखी गोळी आपल्या मनाने देऊ नये, कारण डेंग्यूत तिच्यामुळे रक्तस्राव वाढू शकतो.

आणि आता ज्या दुखण्यात पाणी हेच खरोखर जीवन ठरते, त्या अतिसाराविषयी. जुलाब होऊ लागले की पोटाला विश्रांती हवी, असे म्हणून खाणेपिणे बंद करणारी माणसे अजूनही भेटतात. वस्तुतः जुलाबाने मूल दगावते ते बहुधा शरीरातील पाणी आणि क्षार निघून गेल्यामुळे. डोळे खोल जातात, जीभ कोरडी पडते, मूल रडते पण अश्रू येत नाहीत. नुसते पाणी पाजले तर आजारी आतड्यात ते पुरेसे शोषले जात नाही. परंतु पाण्यात मीठ आणि साखर ठरावीक प्रमाणात असली, तर साखर मिठाला आपल्याबरोबर आतड्याच्या भिंतीतून आत नेते आणि त्या दोघांच्या मागोमाग पाणीही जाते.

या ज्ञानाची मोठी परीक्षा झाली ती १९७१ साली. बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या काळात लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि छावण्यांत पटकीची साथ पसरली. सीमेजवळच्या बनगाव येथील रुग्णालयात जमिनीवरही रोगी पसरलेले होते. शिरेतून देण्याचे सलाइन संपत आले होते. तेथे काम करणारे डॉक्टर दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांच्या पुड्या करवून घेतल्या, ते मिश्रण पाण्यात कालवून पिंपांत भरले, आणि रोग्यांच्या नातेवाइकांना सांगितले की तोटीखाली पेला धरा आणि आपल्या माणसाला पाजत राहा. शिकलेल्या परिचारिका पुरेशा नव्हत्या. आया, बाप, भाऊ, बहिणी यांनीच हा उपचार केला. त्यापूर्वी छावण्यांत शंभरांतील सुमारे तीस रोगी दगावत होते. हा उपचार मिळालेल्यांत ते प्रमाण चारांच्याही खाली आले. महालनबीस २०२२ साली निवर्तले, आणि २०२३ साली त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले.

आपल्याकडे या पेयाला जलसंजीवनी म्हणतात. त्याची पुडी औषधाच्या दुकानात व आरोग्य केंद्रात मिळते. तिच्यावर जेवढे पाणी लिहिलेले असेल तेवढ्यात सबंध पुडी एकदम घालावी; अर्धी पुडी अंदाजाने घालू नये. पुडी जवळ नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मीठ जास्त झाले तर अपायच होतो. म्हणून पाजण्यापूर्वी चव पाहावी, ती अश्रूंहून खारट नसावी. लहान मुलाला चमच्याचमच्याने द्यावे. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा हळूहळू सुरू करावे. अंगावरचे दूध व नेहमीचे मऊ अन्न बंद करू नये. शौचात रक्त दिसले, मूल सुस्त पडू लागले किंवा त्याला लघवीच होईनाशी झाली, तर पेय पाजत पाजतच त्याला डॉक्टरांकडे न्यावे. २४ तासांनंतर उरलेले पेय फेकून द्यावे आणि नवे करावे.