घरी टार्गेट छापताय? आधी कागद बघा!
एअर रायफलच्या सरावासाठी अनेक जण साध्या झेरॉक्स पेपरवर टार्गेट छापतात. गडबड इथेच होते. हा पेपर साधारण 70 ते 80 जीएसएमचा, म्हणजे पातळ असतो. 4.5 मिमीचा छर्रा लागला की कागद वेडावाकडा फाटतो आणि शॉट 9 चा की 8 चा, हेच कळत नाही. कारण 10 मीटर रायफल टार्गेटवर दोन रिंगांमधलं अंतर असतं फक्त 2.5 मिमी!

म्हणून 200 जीएसएमच्या आसपासचा, चमक नसलेला कार्डशीट पेपर घ्या. भोक स्वच्छ पडतं. प्रिंटचं स्केल 100 टक्केच ठेवा, नाहीतर रिंगांचं माप बदलतं.

आणि लक्षात ठेवा, कितीही जाड कागद छर्रा अडवत नाही. मागे पेलेट ट्रॅप हवाच.