ज्याला गोड कळत नाही, त्याची साखर

निपाणीतल्या आमच्या घराच्या परसात, तुळशीवृंदावनामागे थोडी मोकळी माती आहे. आमचा बोका सोन्या तिथंच उकरून लघवीला बसतो. एका सकाळी त्या ओल्या मातीवर मुंग्यांची रांग लागलेली आजीनं पाहिली. ती स्वतः कित्येक वर्षं मधुमेहाची औषधं घेते. "मुंग्या लागल्यात बघ. ह्याला साखर हाय," ती म्हणाली. आम्ही कुणी ते मनावर घेतलं नाही. पण सात किलोचा सोन्या दोन महिन्यांत पाच किलोवर आला होता. खायला दुप्पट मागत होता आणि न्हाणीतल्या बादलीवरून हलत नव्हता.

आजीचं निदान बरोबर निघालं. गोड लघवी आणि तिला लागणाऱ्या मुंग्या यांचं नातं आपल्याकडच्या प्राचीन वैद्यांनीही ओळखलं होतं. मधुमेह हे नाव त्यातूनच आलं. मांजराच्या रक्तातली साखर डेसिलिटरला साधारण 250 ते 300 मिलिग्रॅमच्या वर गेली, की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही. साखर लघवीत उतरते आणि जाताना पाणी ओढून नेते. म्हणून लघवी वाढते, म्हणून तहान. इकडे पेशींना साखर मिळतच नाही, म्हणून सतत भूक आणि तरीही वजनात घट. काही मांजरांच्या मागच्या पायांच्या नसा दुबळ्या होतात आणि ती पंज्यांवर न चालता टाच टेकवून चालू लागतात.

दूध-भाताचं शरीर नव्हे

मांजराला गोड चव कळतच नाही. गोडाची जाणीव करून देणाऱ्या दोन जनुकांपैकी एक मांजरात निकामी झालेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल केमिकल सेन्सेस सेंटरमधल्या संशोधकांनी 2005 मध्ये दाखवून दिलं. वाघ आणि चित्त्यातही त्यांना तेच आढळलं. पिढ्यान्‌पिढ्या फक्त मांसावर जगलेल्या या कुळाला गोडाची गरजच पडली नाही. मांजराच्या लाळेत पिष्ट पचवणारं विकर जवळपास नसतं आणि जेवणानंतर आलेली साखर झटपट उचलणारं ग्लुकोकायनेज हे विकर त्याच्या यकृतात फार कमी काम करतं.

आणि आपण त्याला काय घालतो? दूध-भात, दूध-भाकरी, चहाबरोबरचं बिस्कीट. पाकिटातल्या कोरड्या खाण्यालाही आकार यायला पिष्ट लागतंच. उंदीर मारत हिंडणाऱ्या मांजराला हे निभतं. नसबंदी झालेला, घरात लोळणारा, वजन वाढलेला, वय सरकलेला बोका मात्र यात सापडतो. चरबी वाढली की इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, स्वादुपिंड जास्त राबतं आणि त्यातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींभोवती अमायलॉइड नावाचं प्रथिन साचत जातं. माणसाच्या 'टाइप 2' मधुमेहाशी मांजराचा मधुमेह असा मिळताजुळता आहे. स्टिरॉइडची औषधंही याला हातभार लावतात.

खरा आकडा घरातच

सोन्याला पिशवीत घालून आम्ही बेळगावला नेलं. महामार्गानं पाऊणशे किलोमीटर तो ओरडत होता. दवाखान्यात साखर भरली 412. डॉक्टर म्हणाले, "यातली थोडी भीतीचीही असेल." मांजर घाबरलं की त्याची साखर झपाट्यानं चढते, निरोगी मांजराचीही. म्हणून त्यांनी फ्रुक्टोसामाइनची तपासणी केली. तिच्यातून मागच्या दोन-तीन आठवड्यांचा अंदाज येतो, एका घाबरलेल्या दुपारचा नव्हे. मधुमेह पक्का झाला.

मला इथंच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट कळली. मांजराच्या बाबतीत घरची तपासणी ही दवाखान्याला पर्याय म्हणून केलेली तडजोड नाही. भरवशाचा आकडा मुळात घरातच मिळतो. कोमट फडक्यानं कान शेकायचा, कडेच्या नसेजवळ बारीक सुई टोचायची आणि आलेला थेंब पट्टीला लावायचा. सोन्या आजीच्या मांडीवर घुरघुरत असतानाच हे उरकतं. माणसांचा ग्लुकोमीटर मांजराची साखर बहुधा थोडी कमी दाखवतो, हे लक्षात ठेवून आकडे डॉक्टरांना कळवायचे. पाणी मापानं भरून ठेवलं तर तहानही मोजता येते. दिवसाला वजनाच्या किलोमागे 100 मिलिलीटरपेक्षा जास्त पाणी पोटात जात असेल, तर ते नक्की जास्त आहे.

लाल टोपी, नारिंगी टोपी

इन्सुलिन दर बारा तासांनी, जेवणाबरोबर द्यायचं. पाठीच्या बाजूची सैल कातडी चिमटीत उचलायची आणि सुई त्या घडीत घालायची. पण आमच्या फ्रिजमध्ये आता दोन इन्सुलिनं होती, एक आजीचं आणि एक सोन्याचं. आपल्याकडे माणसांच्या अनेक बाटल्या मिलिलीटरला 40 युनिटच्या असतात. त्यांची सिरिंज लाल टोपीची. सोन्याचं ग्लार्जिन मिलिलीटरला 100 युनिटचं. त्याची सिरिंज नारिंगी टोपीची. सोन्याचं औषध चुकून लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एका रेघेपर्यंत भरलं, तर एकाऐवजी अडीच युनिट अंगात जातील. चार-पाच किलोच्या जिवाला हा फरक जिवावर बेतू शकतो. आजीनं दोन वेगळे डबे केले आणि सोन्याच्या डब्यावर नारिंगी धागा बांधला.

मांजर जेवलं नाही, तर नेहमीचा डोस डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नये. इंजेक्शन नीट गेलं की नाही अशी शंका आली, तरी दुसरं देऊ नये. एक वेळ साखर वाढलेली चालते. 60 च्या खाली गेलेली चालत नाही. मांजर झोकांड्या खाऊ लागलं, थरथरलं, झटके आले, तर मध किंवा साखरेचा पाक बोटानं हिरड्यांना चोळायचा आणि थेट दवाखाना गाठायचा. बेशुद्ध मांजराच्या तोंडात काही ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं.

खाणं बदलणं हा उपचाराचा अर्धा भाग आहे: पिष्ट कमी, प्रथिनं जास्त. मात्र रश्श्यातला मटणाचा तुकडा देऊ नये. कांदा-लसूण मांजराला विषारी आहे. नुसतं उकडलेलं मांसही पुरेसं नाही, त्यात कॅल्शियम कमी पडतं. शिवाय खाणं बदलताच इन्सुलिनची गरज एकदम घटू शकते, म्हणून हा बदल डॉक्टरांच्या सल्ल्यानंच करावा. अमेरिकेत 2022 आणि 2023 मध्ये मांजरांसाठी तोंडावाटे घ्यायच्या दोन औषधांना मान्यता मिळाली, पण आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजरांसाठी ती नाहीत.

निदान लवकर झालं, साखर आटोक्यात राहिली आणि वजन हळूहळू जागेवर आलं, तर काही मांजरांचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. आजीच्या वाट्याला सहसा न येणारं हे भाग्य बोक्याला मिळू शकतं, म्हणून सुरुवातीचे महिने मोलाचे.

आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर वर्षानुवर्षं दुधाचा हिशेब लिहिला जातो. आता प्रत्येक तारखेखाली सोन्याच्या साखरेचे सकाळ-संध्याकाळचे आकडेही असतात. दुधाच्या आकड्यातून मात्र त्याचं अर्धा लिटर वजा झालं आहे. परसातली माती आजी अजून रोज सकाळी वाकून पाहते. गेल्या आठवड्यात तिथं एकही मुंगी नव्हती.