मानेतली नळी निसटली तर...

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री दोनच्या सुमारास एका मासेमाराने दार ठोठावले. "डॉक्टरांनू, घरकारणीची नळी भायर इली. आत घालूक बघलंय, पण जाणा नाय!"

त्याच्या पत्नीची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली होती आणि मानेत बसवलेल्या नळीतून तिचे डायलिसिस चालू होते. झोपेत कूस बदलताना मंगळसूत्र नळीत अडकले, हिसका बसला, टाके तुटले. उशी रक्ताने भिजलेली.

वाचकहो, ही नळी म्हणजे काय ते आधी सांगतो. मानेतल्या मोठ्या शिरेतून ती थेट हृदयाच्या तोंडापर्यंत गेलेली असते. तातडीच्या वेळी बसवलेली साधी नळी केवळ कातडीला घातलेल्या टाक्यांवर टिकून असते. 'पर्मकॅथ' म्हणतात ती दुसऱ्या प्रकारची नळी छातीच्या कातडीखालून काही अंतर नेतात. तिच्यावर एक कापडी पट्टा असतो, त्यात मांस रुजले की ती पक्की बसते. पण रुजायला तीन-चार आठवडे लागतात, आणि तोवर तिचीही भिस्त टाक्यांवरच!

त्या गृहस्थाने केले तेच बहुतेक जण करतात आणि तेच सर्वांत घातक. बाहेर आलेली नळी कधीही आत ढकलू नये. हातावरचे जंतू सरळ रक्तात जातात. त्या बाईला दोन दिवसांत थंडी वाजून ताप भरला, तो याच कारणाने.

मग करायचे काय? रुग्णाला लगेच आडवे निजवावे, डोके किंचित खाली. बसवून ठेवू नये, कारण बसलेल्या माणसाने श्वास घेतला की उघड्या शिरेतून हवा आत ओढली जाते आणि ती जिवावर बेतते. भोकावर स्वच्छ कापडाची घडी ठेवून बोटांनी घट्ट दाबावे. पर्मकॅथ असेल तर छातीवरच्या भोकाबरोबर मानेचा खालचा भागही दाबावा, शीर तिथे उघडी असते. निदान दहा मिनिटे दाब सोडायचा नाही, मध्येच उचलून बघायचे नाही. डायलिसिसच्या वेळी रक्त न गोठण्याचे औषध दिलेले असते, त्यामुळे रक्त लवकर थांबत नाही. दाबूनच, निजवूनच ओरोसला किंवा बांबोळीला न्यावे. निघालेली नळी पिशवीत घालून सोबत घ्यावी, तुकडा आत राहिला का ते डॉक्टरांना पाहता येते.

कधी नळी पूर्ण निघत नाही, नुसती सरकते. बाहेरचा भाग लांब दिसतो, कापडी पट्टा डोकावतो, यंत्रावर रक्त नीट खेचले जात नाही. अशी नळी आहे तशीच चिकटपट्टीने बांधावी आणि एक्स-रे काढून डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय तिच्यातून डायलिसिस करू नये.

काळजी साधीच. मंगळसूत्र, साखळी रात्री काढून ठेवावी (सासूबाई रागावल्या तर माझे नाव सांगा!). गंजी डोक्यावरून ओढण्यापेक्षा पुढून बटणांचा सदरा बरा. नातवंडाला नळीच्या बाजूला घेऊ नये. डोक्यावरून तांब्याने आंघोळ नको, ओल्या पट्टीखाली जंतू वाढतात आणि पट्टी सुटली की नळीही लोंबते.

खरे तर नळी ही तात्पुरती सोय. १९६६ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी मनगटाची धमनी शिरेला जोडून फिस्टुला करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, ती आजही सर्वांत चांगली मानतात. फिस्टुला तयार व्हायला दीड ते तीन महिने लागतात. आमचे लोक मात्र "बगूया, गणपतीनंतर" म्हणत वर्ष घालवतात.

त्या बाईने नाही घालवले. तिच्या डाव्या मनगटावर आता फिस्टुला आहे. परवा आली तेव्हा हात माझ्यापुढे धरून म्हणाली, "कानाक लावा, लाँचीसारखा घुरघुरता!" ती घुरघुर थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, एवढे मी तिला बजावून ठेवले आहे.