पाकिटात किती उरल्या?

‘‘फोनवरचा डॉक्टर लई बेस. आठशे रुपये वाचले,’’ जत तालुक्यातल्या एक मावशी सांगत होत्या. मुलाच्या फिट कमी झाल्या का, असं विचारल्यावर जरा थांबून म्हणाल्या, ‘‘त्या हायत तशाच हायत की.’’ मग समाधान नेमकं कशाचं, हे बघायला मी मिरजेतल्या मेंदूविकारांच्या एका दवाखान्यात फोनच्या वेळेला जाऊन बसलो.

सातारा-सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यातला पेशंट फिटचा असो, कंपवाताचा असो, मिरज नाहीतर कऱ्हाड गाठतो. दोघांचं एसटीभाडं, चहा-वडापाव, बुडालेला रोजगार मिळून मावशींचे आठशे होतात. 25 मार्च 2020ला केंद्राने फोनवरच्या तपासणीचे नियम आणले. त्याच डॉक्टरांनी त्याच आजारासाठी सहा महिन्यांत समोर तपासलेलं असेल, तर पुढची विचारपूस फोनवर करायला मोकळीक आहे.

फोन आधी सिस्टर घेतात. नाव, गाव, केसपेपर नंबर हे झटपट उरकतं. ‘गोळ्या वेळेवर घेता का?’ असं त्या विचारतच नाहीत. त्यावर सगळेच ‘व्हय’ म्हणतात. त्या म्हणतात, ‘‘पाकीट हातात घ्या. किती उरल्या, मोजा.’’ पलीकडे कागद चुरचुरतो. ‘‘नऊ.’’ सिस्टर कॅलेंडर बघतात. रोज रात्रीची एक, म्हणजे उरायला हव्या होत्या दोन. ‘‘सात रात्री चुकल्या की हो!’’ मग हळूच कबुली येते: सून माहेरी गेली होती, लक्षातच राहिलं नाही. हा हिशेब झाला नसता, तर फिट थांबत नाहीत म्हणून डोस वाढला असता. नीट औषध मिळालं तर फिटच्या शंभरातले सत्तर रुग्ण फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. ते ‘नीट’ इथं बोटांवर मोजलं जातं.

विट्याकडच्या एका आजोबांचा मुलगा गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी दूर तमिळनाडूत. तोही फोनवर जोडलेला, आणि वडिलांची सगळी उत्तरं तोच देत होता. डॉक्टरांनी त्याला थांबवलं, ‘‘वडलांना बोलू द्या.’’ कंपवातात आवाज खोल जातो आणि तेवढा तरी फोनवर ऐकू येतो. हात किती ताठलाय, चालताना पाय अडखळतो का, हे मात्र कळत नाही. गुडघ्यावर हातोडीही मारता येत नाही. ‘‘एकदा घेऊन या,’’ डॉक्टर म्हणाले आणि पलीकडचा सूरच बदलला.

माझा संशय इथंच आहे. ‘समाधानी आहात का?’ असं विचारलं की माणसं आठशे रुपयांचं उत्तर देतात. ते खोटं नाही. मजुरी करणाऱ्या घरात आठशे रुपये हीसुद्धा तब्येतच. पण त्यातून फिटचं काहीच कळत नाही. जुना, ओळखीचा पेशंट आणि अशा खमक्या सिस्टर असतील तर फोन उत्तम. नव्या दुखण्याला तो अपुराच.

मी बसलेलो असताना एक फोन आला: सकाळपासून उजवा हात उचलत नाही, बोलणं अडखळतंय. सिस्टरनी केसपेपर शोधलाच नाही. ‘‘आत्ताच्या आत्ता निघा,’’ एवढंच म्हणाल्या.

तुमच्या घरातही ही वेळ येऊ शकते. तोंड वाकडं झालं, हात गळाला, तर डॉक्टरांच्या फोनची वाट बघू नका. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. तेव्हा लावायचा नंबर एकच: 108.